तंबाखूचं पाणी, लसणाचा अर्क, कडुनिंब... घरगुती कीटकनाशक ‘नैसर्गिक’ आहे म्हणजे सुरक्षित आहे का?

रात्रभर तंबाखू भिजवायची, सकाळी गाळून स्प्रेच्या बाटलीत भरायची आणि मिरचीच्या रोपावर फवारायची. मावा साफ! असे रील्स आता शोधावे लागत नाहीत, आपोआप समोर येतात. खाली एक वाक्य ठरलेलं असतं: केमिकल नाही, पूर्णपणे नैसर्गिक.

घोळ याच वाक्यात आहे.

तंबाखूतून पाण्यात उतरतं ते निकोटिन. ते किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतं, तसंच माणसाच्याही. शिवाय ते त्वचेतून शरीरात शिरतं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो तो यामुळेच. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात बंदी आहे. म्हणजे जे बाटलीत भरून शेतकऱ्याला विकता येत नाही, त्याचाच भाऊबंद बाल्कनीत तयार होतो आणि तो किती तीव्र झाला हे कुणीच मोजत नाही. तंबाखूतून टोमॅटो-मिरचीवर मोझॅक विषाणू येण्याचा धोका आहे तो वेगळाच.

मग लोक या उपायांकडे का वळतायत?

कारण रासायनिक फवारणीची भीती खरी आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. दुसरीकडे, नैसर्गिक शेतीला सरकारचंही बळ आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,481 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांना याच विषयातल्या कामासाठी 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीतली निमास्त्र, अग्निअस्त्र, दशपर्णी अर्क ही नावं आता शहरातल्या गच्चीपर्यंत पोहोचली आहेत.

पण शेतातून रीलमध्ये येताना प्रमाण गळून पडतं. अग्निअस्त्राच्या प्रचलित कृतीत 20 लिटर गोमूत्राला अर्धा किलो तंबाखू असते आणि तयार अर्क फवारताना भरपूर पाणी घालून पातळ करतात. रीलमध्ये मात्र मूठभर तंबाखू आणि अंदाजे पाणी! कारखान्यातल्या कीटकनाशकाला 1968 च्या कायद्यानुसार नोंदणी लागते, लेबलवर मात्रा आणि विषबाधेवरचा उपचार छापावा लागतो. घरच्या बाटलीवर बहुतेक वेळा नावसुद्धा नसतं. फ्रीजमध्ये सरबताच्या शेजारी ठेवली की संपलंच.

तसंही ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’ या दोन जाती वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. डासांच्या कॉइलमधली अनेक रसायनं शेवंतीच्या जातकुळीतल्या एका फुलातल्या द्रव्याची नक्कल करूनच बनली आहेत.

मग काय चालतं?

कडुनिंब चालतो, पण रीलमध्ये दाखवतात तसा नाही. पानं उकळून केलेल्या पाण्यात फारसा दम नसतो. खरं काम करणारं अझाडिरॅक्टिन सर्वाधिक असतं निंबोळीच्या गरात, आणि उष्णतेने व उन्हाने ते मोडतं. म्हणून उकळायचं नाही आणि फवारणी संध्याकाळी करायची. शेतीसाठी शिफारस असते 5 टक्के निंबोळी अर्काची. कुंड्यांसाठी तेच प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळीच्या गराची भरड. ती रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालून पाणी एक लिटर करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. याने कीड तिथल्या तिथे मरून पडत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी मावा दिसला म्हणून ‘फेल’ अशी कमेंट करणाऱ्यांनी आठवडाभर थांबावं.

साबणाचं पाणीही मावा, पांढरी माशी यांसारख्या मऊ अंगाच्या किडींवर चालतं. पण ते किडीच्या अंगावर ओलं पडलं तरच. वाळल्यावर त्याचा उपयोग शून्य. भांड्यांचं लिक्विड जास्त झालं तर पानावरचा मेणचट थर जातो आणि पान करपतं. आधी एका फांदीवर मारून एक-दोन दिवस बघणं बरं. पिठ्या ढेकूण मोजकेच असतील तर ओल्या कापसाने पुसून काढणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. ठिपकेवाले ढालकिडे दिसले तर काहीच फवारू नका. ते मावाच खातात, आणि साबणाला मित्र-शत्रू कळत नाही.

घराच्या आत जास्त जपायला हवं. झुरळांसाठी बोरिक पावडर आणि साखरेच्या गोळ्या अनेक घरांत करतात. त्या उपयोगी पडतात, पण रांगतं मूल किंवा मांजर तोंडात घालेल अशा जागी नकोत. कापूर लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात. कडुनिंबाच्या तेलामुळेही लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. असं काही झालं तर उलटी करवत बसू नका. बाटली किंवा उरलेला पदार्थ बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा, कारण पोटात काय गेलंय हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.