सोळाव्या वर्षाचं वरदान

महाशिवरात्र जवळ आली की आमच्या चामोर्शी तालुक्यात घरोघरी मार्कंड्याच्या यात्रेचे वेध लागतात. इथे वैनगंगा उत्तरेकडे वाहते, म्हणून इथल्या स्नानाला मोठं पुण्य मानतात. यात्रेच्या गर्दीत सगळ्यात आधी नजरेत भरतात त्या आपल्या म्हाताऱ्या आयाबाया. डोक्यावर गाठोडं, हातात नातवाचा हात, आणि चाल अशी की आपण मागे पडावं!

ज्या मार्कंडेय ऋषींच्या नावाने हे गाव ओळखलं जातं, त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आयुष्य सोळाच वर्षांचं. यम न्यायला आला तेव्हा पोराने शिवलिंगाला मिठी मारली आणि महादेवाने त्याला कायमचा सोळा वर्षांचा केला. मला मात्र वरदानापेक्षा ती मिठी मोठी वाटते. घट्ट धरून ठेवावं असं काही असलं की माणूस मनाने म्हातारा होत नाही.

हे मला जरा उशिरा कळलं, तेही माझ्याच घरात. सासूबाई अंगणात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण आम्ही घाबरलो. झाडू काढून घेतला, तांदूळ निवडायचं सूप उचललं, सांदवाडीतल्या वालाच्या वेलांकडे जायलाही बंदी. "आई, तुम्ही आता फक्त आराम करा." आमचा हेतू चांगलाच होता. पण तीन महिन्यांत त्यांना आधाराशिवाय उठता येईना. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. एक दिवस म्हणाल्या, "सारं काम काढून घेतलं न बाई, मग मी उरली कशाले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हालाच समजावलं. पडून राहिलं की म्हातारपणी स्नायू फार लवकर झिजतात, तोल जातो आणि पुन्हा पडण्याची भीती वाढते. मग सूप परत आलं, वेलही परत आले. आज त्या काठी घेऊन का होईना, सांदवाडीत राज्य करतात.

शरीर धडधाकट असेल तरच हे जमतं, असंही नाही. आपल्या शेजारच्या वरोऱ्याचे बाबा आमटे आठवा. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तरी सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ साली, ते तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. १९९० साली आनंदवन सोडून नर्मदेकाठी राहायला गेले. सावलीसारख्या सोबत होत्या त्या साधनाताई.

एक गोष्ट मात्र विसरू नये. भर उन्हात तेंदूपत्ता तोडायला जाणारी सत्तरीची आजी हौसेने जात नाही. पोटासाठीची ओढाताण म्हणजे तारुण्य नव्हे. अशी आजी आपल्या गल्लीत असेल, तर तिचं कौतुक करण्याआधी श्रावणबाळ योजनेचा तिचा अर्ज भरला आहे का, ते विचारा. ६५ वर्षांवरच्या गरजूंसाठी ती योजना आहे.

मैत्रिणींनो, आपण चाळिशीतल्या बायका केस रंगवतो, क्रीम लावतो. लावा की! पण घरातल्या आईला, सासूला दिवसाचं एखादं काम तिच्या हक्काचं म्हणून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास देवळापर्यंत चालणं. ६५ च्या पुढे तोल आणि ताकद टिकवायला खुर्चीवरून उठणं-बसणंही चांगलं. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून. न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवा, डोळे तपासून घ्या. पंचाहत्तरी झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे आणि आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. मग कारण कशाला शोधायचं?

येत्या शिवरात्रीला आईला विचारा, "मार्कंड्याला येता का?" आणि गाठोड्यातलं एक छोटंसं ओझं तिच्या हाती राहू द्या.