सोन्याच्या काट्याला शिक्का, मग बोटावरच्या यंत्राला?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत एकच ऑक्सिमीटर, तोच पाच-सहा घरं फिरायचा. काकांच्या बोटाला लावला की ९४-९५. काका जन्मभर शेतात राबलेले, उन्हानं रापलेला काळा रंग. दम असा की वाक्य पुरं होईना. आम्ही मात्र आकड्यावर भरवसा ठेवून दोन दिवस घरीच काढले. दवाखान्यात आमचं यंत्र ९४ दाखवत असतानाच धमनीतलं रक्त तपासलं, ते निघालं ८६! काका वाचले. चूक यंत्राची होती की कातडीच्या रंगाची, ते आजही सांगता येणार नाही. पण प्रश्न डोक्यातून जात नाही.

हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतं. रक्त त्यातला किती शोषतं त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज काढतं. जपानच्या ताकुओ आओयागींची ही १९७४ च्या सुमाराची कल्पना, आणि भारीच कल्पना. पण आकडा शेवटी येतो तो आधी निरोगी माणसांवर घेतलेल्या मोजमापांच्या आधारे. त्या माणसांत सावळे-काळे किती होते? डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की यंत्र ९२ ते ९६ सांगतंय आणि रक्तात ८८ पेक्षा कमी, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात घडलं.

आपल्याकडे त्याच साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त हेच यंत्र घरोघर फिरलं. जुलै २०२१ मध्ये सरकारनं ऑक्सिमीटरवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. चांगलंच केलं. किंमत विचारली, खरेपणा कोण विचारणार?

जळगावच्या सराफात मिलिग्रॅमचा हिशोब होतो, काट्यावर वैधमापनचा शिक्का लागतो. भाजीवाल्या मावशीच्या वजनांनाही लागतो. आणि आशाताईच्या पिशवीतलं यंत्र एकदा वाटलं की सेल संपेपर्यंत कुणी बघत नाही.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे. अतिदक्षता विभागात रक्ततपासणी होतेच. त्याच क्षणी बोटावरचा आकडाही टिपून ठेवा, कातडीच्या रंगाच्या नोंदीसकट. वर्षभरात खान्देशी माणसाची स्वतःची आकडेवारी हाती येईल. आयआयटी मुंबईचं 'बेटिक' केंद्र डॉक्टर-इंजिनिअरना एकत्र बसवून उपकरणं घडवतंच आहे, त्यांच्याकडे ती घेऊन जाता येईल.

तोवर एवढं करा: आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसाचं ऐका. गाडी काढा.