'आपला माणूस गेला' म्हणण्याआधी: केनियाच्या राजकारणातले दोन गोवेकर

परदेशातला भारतीय वंशाचा नेता वारला की सोशल मीडियावर 'आपला माणूस गेला'च्या पोस्ट फिरतात. फोटो, मेणबत्ती, दोन ओळी. तो तिथे कशासाठी लढला, हे त्यात क्वचितच असतं. केनियाच्या राजकारणातल्या दोघांमुळे हा फरक नीट कळतो.

पियो गामा पिंटो कोण होते?

जन्म १९२७, नैरोबी. आईवडील गोव्याचे. शिक्षणासाठी भारतात आले, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले. मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी करताना संपात उतरले आणि गोवामुक्तीच्या कामातही पडले. १९४९ मध्ये ते केनियाला परतले. ब्रिटिश सरकारने १९५४ मध्ये त्यांना पकडून काही वर्षं स्थानबद्ध ठेवलं.

१९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी पिंटो खासदार झाले. जमीन आणि सत्ता मूठभरांच्या हाती जाऊ नये, ही त्यांची भूमिका नव्या सत्ताधाऱ्यांनाही खुपत होती. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या दारातच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ३७. या खुनासाठी शिक्षा झालेला तरुण २००१ मध्ये सुटला. आपण निर्दोष आहोत, हेच तो सांगत राहिला. खुनामागचा सूत्रधार कोण, हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही.

आणि जोसेफ मुरुंबी?

वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई. मुरुंबींचं शिक्षण दक्षिण भारतात झालं. १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच पद सोडून बाहेर पडले. पुढे त्यांनी आफ्रिकन कलावस्तूंचा मोठा संग्रह उभा केला. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये, मित्र पिंटोंच्या कबरीपासून जवळच, त्यांना दफन करण्यात आलं.

वसईकरांनी हे का वाचावं?

भुईगावसारख्या वसईतल्या गावांत पोर्तुगीज वळणाची आडनावं घरोघरी आहेत. वसईतली पोर्तुगीज सत्ता १७३९ मध्ये संपली, गोव्यातली १९६१ मध्ये. आडनावं सारखी असली, तरी दोन्हीकडचा इतिहास आणि बोली वेगळी. म्हणून आडनाव पाहून कुणाला 'आपला' ठरवणं जितकं चुकीचं, तितकंच 'परका' ठरवणंही. पिंटो गोव्यासाठी लढले आणि केनियासाठी जीव गमावून बसले. त्यांना एकाच खात्यात कसं टाकणार?

जगात इतरत्र काय दिसतं?

अमेरिकेतल्या ओहायोचे गव्हर्नर आणि नंतर सिनेटर झालेले फ्रँक लाउशे स्लोव्हेनियन कुटुंबातले. तेही १९९० मध्येच वारले. स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला १९९१ मध्ये. म्हणजे ज्या देशाचा वारसा त्यांच्या नावापुढे लावला जातो, तो स्वतंत्र देश म्हणून त्यांच्या हयातीत नव्हताच. त्यांची कारकीर्द मात्र ओहायोच्या मतदारांनी घडवली.

मग श्रद्धांजली कशी असावी?

मूळ गाव जरूर लिहावं, अभिमानही वाटावा. पण त्याच पोस्टमध्ये आणखी दोन गोष्टी हव्यात: त्यांनी कुणाची बाजू घेतली आणि त्याची किंमत काय मोजली. पिंटोंच्या बाबतीत तिसरीही हवी. त्यांना न्याय मिळाला का? साठ वर्षं उलटली, त्याचं उत्तर अजून 'नाही' असंच आहे.