कप मोजताय, मग भोपाळही मोजा
केशुब महिंद्रा १२ एप्रिल २०२३ ला गेले. महिंद्रा युनायटेडच्या आम्हा जुन्या चाहत्यांचा वाद मात्र अजून चालूच आहे. मित्र म्हणतो, त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात क्लबने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, बाकीचं आपण फुटबॉलवाल्यांनी काढू नये.

का काढू नये? बॅरेटोला बघायला बाबांसोबत लोकलने कूपरेजला मीही गेलोय. पण १९८४ मध्ये भोपाळला गॅस फुटला तेव्हा युनियन कार्बाइड इंडियाचे अध्यक्ष हेच होते. ७ जून २०१० ला कोर्टाने निष्काळजीपणासाठी दोषी ठरवलं. शिक्षा दोन वर्षं, जामीन लगेच.

‘ते तर बिगर-कार्यकारी अध्यक्ष होते!’ बरं. मग लीगचं श्रेय कशाला देता? टीम डेरिक परेरांनी घडवली होती.

मी जांभूळला राहतो. रात्री एमआयडीसीकडून केमिकलचा वास आला की आई उठून खिडक्या लावते. त्या घरात बसलेल्या मला ‘खेळात हे आणू नकोस’ सांगू नका.

आणि क्लब? तोही २०१० मध्येच कंपनीने बंद केला. जर्सी माझ्या कपाटात आहे. आता दंडाला बसत नाही.