क्लच नाही, म्हणून काय झालं?

‘ऑटोमॅटिक? मग तू चालवतेस काय?’ गाड्यांच्या गप्पा निघाल्या की कट्ट्यावर हा टोमणा ठरलेला. आपल्या नाशिकमध्ये बनणारी थार २०२० पासून ऑटोमॅटिकही मिळते. पण ‘खरा ड्रायव्हर’ म्हणे मॅन्युअलवालाच!

१९८९ मध्ये फेरारीने रेस कारमधला गिअरचा दांडाच काढला. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलत नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. आज फॉर्म्युला वनमध्ये दांडा औषधालाही नाही. गिअर कुठला, हे मात्र ड्रायव्हरच ठरवतो.

कसारा घाट उतरतानाही तेच. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरायचा, ब्रेक तापवायचे नाहीत. हे ज्याला कळतं तो ड्रायव्हर. द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखवून घेण्यात कसली आलीय मर्दुमकी?