आधी पाण्याला वाट द्या

माझा मावसभाऊ दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीला येतो. मौन श्रद्धांजलीच्या आदल्या रात्री मुक्काम आमच्याकडेच. जेवणं झाली की अंगणात खाटेवर बसायचं आणि वावराच्या गोष्टी करायच्या, हा ठरलेला कार्यक्रम. यंदा मात्र गडी गप्पच होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बापू, पाच एकर पडीत राह्यलं लेका. वाफसाच नाई आला. आता बोअर मारतो, नाई तं इकून टाकतो."

मी म्हटलं, "दादा, यातलं एकही करू नको." झालं! रात्री एक वाजेपर्यंत वाद चालला. तो वाद नीट मांडून ठेवावा म्हणून हे लिहितोय. दर्यापूरकडच्या सगळ्या नातेवाइकांनी वाचावं अशी आगाऊ विनंती.

दादाचं वावर खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला हा पट्टा जवळपास ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगावकडे गोड्या विहिरी, केळी, पानमळे. तिथून नदीकडे उतरत गेलं की तेच पाणी मचूळ आणि मग खारट होत जातं. दर्यापूरकडे प्यायचं पाणीसुद्धा शहानूर धरणावरून नळाने आणावं लागलं.

आणि जमीन? आम्हा मोझरीकरांना टेकडीच्या बाजूची मुरमाड जमीन माहीत. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी चप्पल घालून वावरात जाता येतं. दादाच्या वावरात चप्पल घालून गेलात तर चप्पल तिथेच राहते. ही जमीन ओली असताना वखर चालत नाही, वाळली की कुदळ चालत नाही, आणि मधले जे चार दिवस असतात त्या दिवसांत ट्रॅक्टर दुसऱ्याच्या वावरात असतो!

याचं कारण मातीच्या पोटात आहे. निम्म्याहून जास्त चिकणमाती, तीही फुगणारी. त्यात कोरडं हवामान. अशा हवेत मातीतला कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो आणि मातीच्या कणांना चिकटायला सोडियम मोकळा राहतो. सोडियम चिकटला की कण एकमेकांना धरत नाहीत, विस्कटतात आणि पाणी झिरपायच्या बारीक वाटा बुजवतात. वरून सपाट प्रदेश, उतार नावालाच. म्हणजे पाणी खालीही जात नाही आणि पुढेही सरकत नाही. पुस्तकात सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण म्हणतात. पण नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की पूर्णेच्या खोऱ्यात पाचेक टक्क्यांनाही निचरा बिघडतो. दिसायला जमीन काळीभोर, सोन्यासारखी. दुखणं आतलं.

आता बोअर. जमिनीखालचं पाणी आधीच सोडियमचं. ते उपसून वर द्यायचं म्हणजे ज्या रोगाने आजारी, त्याचंच सलाईन लावायचं. दादाच्या गावातच एकाने हे केलं. पहिली काही वर्षं हरभरा असा आला की लोक बघायला जायचे. मग जमीन सिमेंटसारखी बसली. हे दादाला माहीत आहे. पण माणूस टेकीला आला की माहीत असलेलं विसरतो.

"मंग जिप्सम टाकतो," दादा म्हणाला. टाकावं, जरूर टाकावं. अकोल्याचं कृषी विद्यापीठही तेच सांगतं. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला हुसकतो. पण हुसकलेला सोडियम जाणार कुठे? पावसाच्या पाण्याबरोबर तो वावराबाहेर जायला हवा. वाटच नसेल तर तो तिथेच घुटमळतो आणि पैसे चिखलात जातात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी पाण्याला बाहेर जायची वाट द्या. चार-सहा तासांनंतर एक सरी मोकळी सोडा, सऱ्यांचं पाणी चरात घ्या आणि चर शेततळ्यात सोडा. जे पाणी मुगाला बुडवतं तेच तळ्यात साठून हरभऱ्याला एक पाणी देतं. आणि ते पावसाचं, म्हणजे गोडं. खरं तर या मातीने एरवी नुसत्या ओलाव्यावर हरभरा पिकवून दिला आहे. जमीन नालायक नाही, तिची नाकाबंदी झाली आहे.

"अन् चर कुठून नेऊ?" दादाने विचारलं. खरी गोष्ट इथे होती. खालचं वावर ज्याचं आहे तो आपला धुरा फोडू देत नाही. दोन वर्षांपासून बोलणं बंद. त्याचंही चुकत नाही, दादाचं पाणी त्याने का झेलावं? नाला त्याच्याही पुढे दोन वावरं. शेततळं एकट्याच्या सातबाऱ्यावर बसतं, चर बसत नाही.

हे काही फक्त वऱ्हाडाचं नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर लिहावं लागलं. पंचवीस वर्षांत! कृष्णाकाठी शिरोळ तालुक्यात उसाच्या पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. तिथे श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकले. मुख्य पाइप अनेकांच्या शेतांतून गेला, तेव्हाच पाणी निघालं.

आपल्याकडे २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली, हे चांगलंच झालं. २०२४ मध्ये वैनगंगा-नळगंगा नदीजोडला मंजुरी मिळाली, ४२६ किलोमीटरचा कालवा. पाण्याला माझा विरोध नाही. वऱ्हाडात राहून पाण्याला विरोध कोण करेल? पण चोपण जमिनीत निचऱ्याआधी कालवा आला, तर नीरेची गोष्ट आपण पुन्हा लिहू. येणाऱ्या पाण्याचा हिशेब सगळे मांडतात, जाणाऱ्या पाण्याचाही कोणीतरी मांडावा.

ग्रामगीतेत महाराजांनी श्रमदानाबद्दल इतकं सांगितलंय. आपण ते रस्ता झाडण्यापुरतं ठेवलं. चार धुऱ्यांतून एक चर काढणं, हे मला आजचं खरं श्रमदान वाटतं. अवघडही तेच, कारण त्यात घामाआधी अहंकार गाळावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मौन श्रद्धांजलीला गेलो. दादाने हळूच कोपर मारून दाखवलं. खालच्या वावराचा मालक आमच्या चार रांगा पुढे उभा होता. पुढे दोघंही गप्प. मौन सुटलं, गर्दी हलली आणि ते दोघं दोन दिशांना गेले.

बोअरचं दादाने तूर्त लांबवलंय, वावर इकायचं म्हणणंही. मी त्याला शब्द दिलाय, की उन्हाळ्यात लेव्हलची नळी घेऊन येतो, उतार मोजू. आणि त्याआधी एकदा, मी एकटाच, खालच्या वावराच्या मालकाकडे चहाला जाऊन येतो.