अनोळखी म्हणजे घातक नव्हे

कल्याणच्या पुढे टिटवाळा, खडवली, वासिंद या पट्ट्यातही आता दाखला, सातबारा, कराचं विवरणपत्र अशी बरीच कामं संगणकावर होतात. सेवा केंद्राच्या चालकाला डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर किंवा एखाद्या खात्याचं छोटं सॉफ्टवेअर डाउनलोड करावं लागतं. फाइल उघडताच निळी चौकट येते : 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी'. पुढे जाण्याचं बटण सुरुवातीला दिसतही नाही. 'मोअर इन्फो' दाबलं की 'रन एनीवे' उगवतं. काउंटरवर माणसं खोळंबलेली असतात, त्यामुळे चालक दोन्ही दाबून मोकळा होतो. त्याला बेफिकीर म्हणणं सोपं आहे. पण इशाऱ्याकडे काणाडोळा करायला त्याला शिकवलं ते ऊठसूट येणाऱ्या इशाऱ्यांनीच, आणि ती सवय मोडण्याची पहिली जबाबदारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची व तपासणाऱ्यांची आहे.

त्या निळ्या चौकटीचा अर्थ बहुतेकदा 'व्हायरस सापडला' असा नसतोच. फाइल फारशी कुणी उतरवलेली नाही, तिच्यावरची सही ओळखीची नाही, एवढंच विंडोजला सांगायचं असतं. अँटीव्हायरस थेट नाव घेऊन आरोप करतो, पण तोही चुकतो. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक मूळ फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरचे संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. सप्टेंबर 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसने गूगल क्रोमलाच बँकेची माहिती चोरणारा व्हायरस समजून काढून टाकलं. यामागचं गणितही पाहावं. समजा 10,000 फाइलींत 10 खरोखर घातक आहेत आणि तपासनीस चांगल्या फाइलींबाबत शंभरात एकदाच चुकतो. तरीही दहा खऱ्या इशाऱ्यांसोबत शंभरेक खोटे इशारे येणारच.

यावर कुणी म्हणेल, शंभर खोटे इशारे परवडले, पण एक खरा व्हायरस नको. इशारा प्रत्येक वेळी तेवढ्याच गांभीर्याने वाचला जात असता तर हे पटलं असतं. प्रत्यक्षात दहा वेळा काही बिघडलं नाही की अकराव्या वेळी चौकट न वाचताच बंद होते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल पाठवणारे भामटे याच सवयीवर जगतात. फोन हटकतो, माणूस परवानगी देतो आणि खातं रिकामं होतं. त्यात 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगणारी सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका म्हणजे आगीत तेल.

म्हणून सरकारी खात्यांनी आपलं प्रत्येक सॉफ्टवेअर वैध डिजिटल सहीनिशीच द्यावं आणि देण्याआधी प्रमुख अँटीव्हायरसवर तपासून घ्यावं. सहीचं प्रमाणपत्र एकट्यादुकट्या विकसकाला महाग पडतं, ही तक्रार रास्त आहे. पण अँटीव्हायरस कंपन्यांकडे चुकीच्या इशाऱ्याची फाइल फेरतपासणीसाठी फुकट पाठवता येते. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांनी ही वाट मराठीतून, ठरावीक मुदतीत उत्तर देणारी करावी. सही म्हणजे हमी नव्हे, हेही खरंच. 2017 साली संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीसीक्लीनर या सॉफ्टवेअरच्या अधिकृत, सहीवाल्या आवृत्तीतच व्हायरस घुसला आणि सुमारे 22.7 लाख संगणकांवर पोहोचला. त्यावरून सही निरुपयोगी ठरत नाही. एकाच खुणेवर विसंबू नये, इतकंच ठरतं.

वापरणाऱ्यानेही थोडी शिस्त पाळावी. फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. शंका आली तर ती व्हायरसटोटलवर टाकावी. तिथे साठाहून अधिक तपासनीस ती एकदम पाहतात. एकदोघांनीच बोट दाखवलं तर इशारा खोटा असण्याची शक्यता मोठी. मग एखादा दिवस थांबून पुन्हा तपासावं. नावाजलेल्या अनेकांनी दाखवलं तर फाइल सरळ पुसावी. आधार, पॅन असलेले कागद मात्र तिथे टाकू नयेत, कारण त्या फाइली इतरांना पाहता येतात. अँटीव्हायरस बंद करणं हा उपाय कधीच नाही. खात्री पटलीच तर त्या एका फाइलपुरती सूट द्यावी. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. काउंटरवर गर्दी असताना चालकाकडे ती नसतात, म्हणूनच ती वाचवण्याचं काम ज्या खात्याने सॉफ्टवेअर सक्तीचं केलं त्याने करायला हवं.